एकोणिसाव्या भागातली आये

श्रावण संपत आला की आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर मंडप, आरतीचं वेळापत्रक आणि भांडणं एकदमच सुरू होतात. यंदा भांडणाआधी माझं नाव आलं. बी विंगमधल्या कुणीतरी लिहिलं होतं, 'अश्विनीताई, ह्या गणपतीत तुमच्या सीरियलचा सेकंड पार्ट दाखवू या का? पोरं विचारतायत. लिंक असेल तर टाका ना प्लीज.' खाली हात जोडल्याची सात-आठ चित्रं, दोन गुलाब आणि एका आजोबांचं 'सुप्रभात'. मी फोन पलंगावर फेकला. लिंक टाका म्हणे! जी गोष्ट जन्मालाच आली नाही तिची लिंक कुठून टाकू? ती का जन्माला आली नाही हे विचारणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नाही, आणि ह्याचा मला येणारा राग तीन वर्षांत तसूभर कमी झालेला नाही. लोणच्यासारखा मुरलाय फक्त.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी एका जपानी अ‍ॅनिमेचे मराठी संवाद लिहीत होते. अ‍ॅनिमेला कार्टून म्हटलं की चाहते चवताळतात, म्हणून मीही म्हणत नाही. गोष्ट दोन अनाथ बहिणींची. खाडीकाठच्या गावात एक म्हातारी होडी चालवते, माणसांना ह्या काठावरून त्या काठावर नेते, आणि ह्या दोघींना वाढवते. एकूण चोवीस भाग. एका लहानशा कंपनीने धाडस करून पहिले बारा मराठीत आणायचं ठरवलं. पहिले तीन फुकट, पुढचे विकत. ह्या बारांना गिऱ्हाईक मिळालं तर उरलेले बारा करायचे. इतका सरळ सौदा मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

म्हातारी मूळ जपानीत गावाकडचं बोलते. मी आधी तिच्या तोंडी आपलं शाळेतलं मराठी घातलं, तर ती बँकेतल्या खिडकीमागची बाई वाटायला लागली. दोन दिवस डोकं धरून बसले. तिसऱ्या दिवशी मासळी बाजारात सुगंधामावशीपुढे उभी होते आणि ती कुणाला तरी ओरडत होती, 'आगो, घ्याचा नाय तर कला दाबतंस त्याला? मेलेला हाय तो, परत मरल काय?' ज्या खाडीची भाषा मी जपानात शोधत होते ती माझ्या घरापासून दोन रिक्षास्टँडवर उभी होती.

सुगंधामावशी करावे गावची आगरी. नेरूळ वसायच्या आधीपासून तिचं घर तिथे आहे, आणि ते ती आम्हा इमारतीवाल्यांना मधूनमधून ऐकवते. श्रावणात तिचा धंदा मंदावतो. अर्धं शहर मासळी सोडतं ते थेट गणपती गेल्यावरच धरतं. त्यामुळे तिला वेळ होता. 'नाटकात काम करशील का' असं मी विचारल्यावर तिने आधी मला वेड्यात काढलं, मग विचारलं, 'लुगडा कनचा नेसू?' फक्त आवाजाचं काम आहे, कुणी बघणार नाही, असं सांगितलं तर हिरमुसली. तरीही पहिल्या दिवशी अंबाड्यात सोनचाफा खोवून आली.

बेलापूरला एका ऑफिसच्या तळघरात रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. एसीचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून तो बंद. भिंतींना लावलेल्या स्पंजला श्रावणातल्या दमटपणाचा कुबट वास, त्यात मावशीचा चाफा. आम्ही घामाने निथळत असायचो. मावशीला पडद्याकडे बघत कागद वाचणं जमेना. 'मना एक काय ते सांग, वाचू का बघू?' म्हणाली. मग आम्ही आमचीच एक रीत काढली. ओळ मी तिला पाठ करून द्यायची आणि तिच्या मागे उभं राहायचं. पडद्यावरच्या म्हातारीचे ओठ उघडले की मी मावशीच्या खांद्यावर बोट ठेवायचं, मिटले की उचलायचं. बाराच्या बारा भाग आम्ही असे केले. रेकॉर्डिंग करणारा मुलगा तिला सारखा म्हणायचा, मावशी, थोडं हळू. ती म्हणायची, 'हलू बोलून गिऱ्हाईक येल काय?'

पहिल्या भागात घाबरलेल्या धाकटीला होडीत बसवताना म्हातारी म्हणते, 'होरी माजी हाय, पानी कोनाचा नाय. बस गप.' जपानीत तिथे भलतंच काही होतं. हे वाक्य मावशीच्या तोंडून आपसूक आलं आणि ओठांवर असं बसलं की रेकॉर्डिंग करणारा मुलगा 'थोडं हळू' म्हणायचं विसरला. मला रडू आलं होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. स्वतःच्या भाषेतलं माणूस परक्या देशाच्या चित्रातून बोलायला लागलं की काय होतं, ते त्या तळघरात उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

त्या बारा भागांत म्हातारी बहुतेक वेळ दटावते आणि वल्हं मारते. तिचा खरा प्रसंग एकोणिसाव्या भागात आहे. दोघी बहिणी आयुष्यभर समजत असतात की आपली आई पाण्यात बुडाली. म्हातारी त्यांना सांगते की नाही, ती जिवंत होती, निघून गेली, आणि मीच तिला पलीकडे पोचवलं. पाच मिनिटं ती एकटी बोलते. मावशीला हा प्रसंग मी आधीच सांगितला आणि ती पेटलीच. मला म्हणाली, आत्ताच लिहून दे. मी लिहून दिलं, माझ्या आवाजात तिच्या फोनवर भरून दिलं. 'तुमची आये बुडली नाय. मीच तिला पल्याड सोरली.' आये म्हणजे आई. मासळीच्या पाटीपुढे बसून माशा वारता वारता ती हे पुटपुटायची आणि गिऱ्हाइकं बिचकायची.

मग भाद्रपद आला. बारा भाग कंपनीच्या ॲपवर आले त्याच आठवड्यात गणपती बसले.

पाचव्या दिवशी मंडळाने माझा आणि मावशीचा सत्कार ठेवला. कदमकाका आमचे सेक्रेटरी, मूळचे साताऱ्याचे, माणूस सोन्यासारखा. त्यांनी स्वतः करावे गावात जाऊन मावशीला आमंत्रण दिलं. ती नातीला घेऊन आली, हिरवं नऊवारी, गळ्यात असतील नसतील ते सगळे दागिने. मोदकांची वाफ, ओल्या दुर्वा, कापूर, मंडपाच्या कापडाला आलेला पावसाळी वास. सगळ्या इमारतींतली माणसं खुर्च्या टाकून बसली. मला शाल, मावशीला शाल, दोघींना नारळ. टाळ्या. मग दिवे मालवून पडदा लावला आणि पहिला भाग नाही, थेट आठवा भाग सुरू झाला. विकतच्यातला.

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक पट्टी होती. कुठल्याशा चॅनेलचं नाव, पुढे 'जॉइन करा, सगळं फ्री', पुढे नाचणारा बाण. ती पट्टी दर थोड्या वेळाने कोपरा बदलायची, म्हातारीच्या कपाळावर यायची, होडीवर यायची. मांडीवर नारळ घेऊन मी माझ्याच कामाची चोरी बघत बसले होते, आणि चोरीचा माल माझ्याच सत्काराला आणला होता! हसू येण्यासारखं होतं. आलं नाही.

मी वाकून कदमकाकांना विचारलं, हे कुठून घेतलं?

'अहो ताई, नेटवर फुकटच होतं की. पोरांनी काढून दिलं. म्हणलं आपल्या बिल्डिंगमधल्या माणसाचं काम, सगळ्यांना दाखवूया. चुकलं का काय आमचं?'

त्यांच्या चेहऱ्यावर निर्मळ कौतुक होतं. ज्या माणसाने मंडपाच्या विजेसाठी चोरून तार टाकू दिली नाही, रीतसर मीटर घेतलं, त्याला ह्यात चोरी दिसतच नव्हती. आणि पलीकडे मावशी. स्वतःचा आवाज पहिल्यांदाच चारचौघांत ऐकत होती. पोरं ओरडत होती, 'बस गप! बस गप!' म्हणजे मागचे भागही ह्यांचे बघून झालेले, चौथ्यापासूनचे तर तिथूनच. मावशीने पदराने डोळे पुसले, नातीला जवळ ओढलं, आणि मी तोंडातला शब्द गिळला. त्याचा राग मला अजून माझ्यावर आहे.

त्या दिवाळीआधीच कंपनीतून फोन आला. बोलणारी मुलगी बिचारी अवघडली होती. 'मॅडम, लोकांना खूप आवडलंय, सगळीकडे चर्चा आहे. पण विकत घेणारे नाहीत. पुढचं आम्ही थांबवतोय.' मी त्या फुकट्या चॅनेलवर जाऊन बघितलं. खाली अभिप्रायांचा पाऊस पडला होता. मराठीचा अभिमान. अंगावर काटा आला. आपल्या आगरी भाषेला मान मिळाला. जय महाराष्ट्र. आणि मग, 'भावा, पुढचे भाग कधी टाकतोयस? किती वाट बघायची?' असं त्या चोरालाच दमात घेणारे. वर त्याचे आभार मानणारे, तुझ्यामुळे मराठीत बघायला मिळालं म्हणून. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण नागोबाची पूजा मी पहिल्यांदाच पाहिली. दुकानाच्या पाटीवर मराठी नाही म्हणून हीच माणसं रस्त्यावर येतील. मराठीसाठी घसा फोडायला सगळे पुढे, खिशात हात घालायची वेळ आली की सगळ्यांना जांभया.

माझा कॉलेजातला मित्र प्रथमेश आता कामोठ्याला राहतो. अ‍ॅनिमेचं वेड मला त्याच्यामुळे लागलं. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाच्या नावाखाली आम्ही चौघं त्याच्या खोलीत जमायचो आणि हार्ड डिस्कवर आणलेले भागामागून भाग बघायचो. इंग्रजी अक्षरं खाली पळायची, कधी आवाज पुढे तर चित्र मागे. विकत मिळत होतं कुठे? आणि मिळालं असतं तरी घेणार कुठून? आम्ही म्हणायचो, नोकऱ्या लागल्या की एकेक विकत घेऊ, कपाट भरू. नोकऱ्या लागल्या. कपाटंही आली. त्यांत साड्या, फाइली आणि पाहुण्यांच्या चादरी आहेत.

हे मी कबूल करते, कारण कुणी म्हणेल, बाई, तू तरी फुकटातूनच आलीस ना? आलेच. त्या फुकटाशिवाय मला जपानी शिकावंसं वाटलं नसतं. फुकटाने माणूस दारापर्यंत येतो, हे खरंच आहे. पण मग तो दारातच पाट मांडून बसतो, आत येत नाही, आणि वर विचारतो, जेवायला अजून वाढलं नाही?

प्रथमेशला मी त्याच वेळी विचारलं होतं, माझं काम विकत घेतलंस का?

'अगं, बघितल्याशिवाय कोण घेतं? बकवास निघालं तर?'

'मग बघितलंस का?'

'सगळं! एका दिवसात. कसली भारी आहे ती म्हातारी!'

'मग आता घे.'

'आता? आता बघून झालं ना,' तो म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं बोलले.

बघायच्या आधी घ्यावंसं वाटत नाही, बघून झाल्यावर घ्यायची गरज वाटत नाही. मग घ्यायचं ते नेमकं कधी? ह्या दोन्हींच्या मधे एक पळभर तरी इच्छा होत असेल ना माणसाला? पूर्वी ती व्हायची. दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहायचो तेव्हा व्हायची. आता भूक लागायच्या आत घास तोंडात येतो. प्रथमेशच्या अंगात त्या दिवशी मोठ्या डोळ्यांच्या मुलीचं चित्र असलेला टी-शर्ट होता, फुटपाथवरचा, तोही नकली. 'मी सपोर्ट करतो ना' म्हणून दाखवत होता. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि वीस वर्षांची मैत्री आहे म्हणून मी चहा मागवला.

मावशीला मी काही सांगितलं नाही. इथे माझं चुकलं आणि चांगलंच चुकलं. दर वेळी बाजारात गेले की ती विचारायची, 'बाय, आपला एकोनिसावा कवा?' आणि मी म्हणायचे, होईल, बघू, बोलणं चाललंय. एक श्रावण गेला, दुसरा गेला. मला वाटलं, विसरेल. माणसं विसरतात.

परवा ग्रुपवरचा तो निरोप वाचून भणभणत्या डोक्याने मी बाजारात गेले. श्रावणामुळे ओटे अर्धे रिकामे, बर्फाचं पाणी पायाखालून वाहतंय. मावशी एका गालाला पदर दाबून बसली होती. पुढे थोडी कोलंबी, दोन चिंबोऱ्या. तिची नात शेजारी होती, आता कॉलेजला जाते. तीच चिडून म्हणाली, 'ताई, तुम्ही तरी समजवा हिला. डॉक्टर वर्षापासून सांगतोय, पुढचे चार दात काढा, पू झालाय. ऐकतच नाही. रात्र रात्र कण्हते.'

'कला काढू?' मावशी पदराआडून म्हणाली. 'दात गेलं का आवाज फुसफुस येतं. मना ठाव हाय, माज्या जावेचा झाला तसा. एकोनिसावा होऊ दे, मंग चार काय, समदं काढ.'

एक अख्खं वर्ष ही बाई दुखणं सोसत बसली होती, मी थाप मारली म्हणून. मी तिथल्या उपड्या टोपलीवर बसले आणि सगळं सांगितलं. पुढचे भाग होणार नाहीत. दोन वर्षांहून जास्त झाली ते ठरून. लोकांनी फुकट बघितलं, विकत कुणी घेतलं नाही. सत्काराच्या दिवशी दाखवलं तेही चोरीचंच होतं. सांगताना माझा आवाज चढत गेला, मी कदमकाकांना बोलले, प्रथमेशला बोलले, त्या चॅनेलवाल्याला शिव्या घातल्या, अख्ख्या मराठी जातीला घातल्या.

मावशीने ऐकून घेतलं. तिला माझ्या शिव्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिने विचारलं, 'पन आवरला ना लोकांना?'

'खूप आवडलं, मावशी.'

'मंग पुढचा नको त्यांना?'

'हवंय. फुकट हवंय.'

ती थोडा वेळ कोलंबीवरच्या माशा वारत राहिली. म्हणाली, 'मी पन देते फुकट. गिऱ्हाईक वाटा घेतो, मंग मी वर मूठभर घालते. आदी मूठभर दिली असती तर वाटा कोन घेतं?' आणि मग, अगदी सहज, भाव विचारावा तसं, 'तू घेतलास ना इकत?'

मी घेतलं नव्हतं. मीच लिहिलेलं, स्टुडिओत प्रत्येक भाग दहा-दहा वेळा ऐकलेला, मी कशाला विकत घेऊ? माझ्या मनातदेखील आलं नव्हतं. बघून झालं होतं ना. तीन वर्षं मी जगावर दात खात होते आणि त्या बारा भागांना जे एक गिऱ्हाईक हक्काने मिळायला हवं होतं, ते मी होते. मावशीने माझ्या तोंडाकडे बघितलं, तिला कळलं. ती रागावलीसुद्धा नाही. 'सोमवारी जाते,' नातीला म्हणाली, 'सांग त्या डॉक्टराला.' मग मला म्हणाली, 'दात काढाच्या आदी एकदा आयकव मना. माजा आवाज कसा व्हता तो.'

मी तिथेच बसून फोन काढला. ते ॲप शोधलं, पैसे भरायची सगळी तयारी केली, जणू आत्ता घेतलं की काही भरून निघणार होतं. ओळ आली, हा कार्यक्रम आता उपलब्ध नाही. परवान्याची मुदत संपली असणार. कंपनीला फोन लावला, तो नंबर आता भलत्याच कुणाचा आहे. मावशी गालाला पदर लावून, मान माझ्याकडे कलती करून, ऐकायच्या तयारीत बसली होती. नातही पुढे सरकली होती.

मी सोसायटीचा ग्रुप उघडला आणि लिहिलं, 'तीन वर्षांपूर्वी आपण गणपतीत दाखवलं ती लिंक कुणाकडे आहे का? प्लीज पाठवा.'

दोन मिनिटांत तिघांनी पाठवली.